तुमचा कॅमेरा कोणाकोणाला दिसतो? घरबसल्या तपासायची पद्धत

कॅमेरा बसवून झाला की बसवणारा माणूस मोबाइल आपल्यापुढे धरतो आणि म्हणतो, ‘हे बघा साहेब, आता कुठूनही दिसेल.’ आपण खूश. त्या ‘कुठूनही’च्या पोटात ‘कोणालाही’ दडलेलं असू शकतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं.

झालं असं, की एका संध्याकाळी सहज म्हणून मी माझ्या घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता (इंटरनेटवर घर ओळखू येतं तो आकडी पत्ता) शोडन नावाच्या सर्च इंजिनात टाकला. काही सापडणार नाही याची मला खात्रीच होती. पान उघडलं आणि समोर माझाच, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर! उघड्या पोर्टचा (म्हणजे उपकरणात शिरायच्या क्रमांक लावलेल्या दाराचा) आकडा, लॉगिनच्या पानाचं शीर्षक, आणि खाली शेवटचं कधी पाहिलं त्याची तारीख. आदल्याच दिवसाची. चित्र तेवढं दिसत नव्हतं, कारण पासवर्ड होता. तो पासवर्ड म्हणजे एकपासून सहापर्यंतचे आकडे. बसवणाऱ्याने टाकलेला, आणि मी ‘बदलू नंतर’ म्हणत तसाच ठेवलेला.

त्यानंतर मी काय काय केलं, ते इथे क्रमाने लिहितोय. मी स्वतः ते उलट्या क्रमाने केलं आणि अर्धी रात्र घालवली, तुमची वाचावी. नेटवर्किंगचं शिक्षण लागत नाही. राउटरचा पासवर्ड, एक मोबाइल आणि तासभर निवांत वेळ असला की पुरे.

शोधणारे शोधतात कसे

आयपी कॅमेरा किंवा रेकॉर्डर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याच्या आत एक वेबसाइट असते. आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकून त्याच्या सेटिंगमध्ये जातो ती हीच. ही वेबसाइट इंटरनेटवर उघडी राहिली आणि तिचा दुवा कुठेतरी पडलेला असला, तर गूगल तिथपर्यंत पोहोचतं आणि इतर पानांसारखीच तिचीही नोंद करून ठेवतं. एका मॉडेलच्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या पानांचं शीर्षक आणि पत्त्याची ठेवण सारखी असते. ते शब्द ज्याला माहीत, त्याच्यापुढे कॅमेऱ्यांची यादीच उभी राहते. गेली वीसेक वर्षं हा प्रकार चालू आहे.

शोडनला तर दुवाही लागत नाही. जॉन मॅथर्ली यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं हे सर्च इंजिन थेट आयपी पत्त्यांवर जातं, एकेका पोर्टवर टकटक करतं आणि आतून जे उत्तर येईल ते लिहून ठेवतं. दार वाजल्यावर आतून ‘कोण आहे?’ असं विचारलं, की त्या आवाजावरूनच बाहेरच्याला घरात कोण आहे ते कळतं. कॅमेऱ्याचंही तसंच होतं. तो ‘४०१, परवानगी नाही, नाव आणि पासवर्ड द्या’ असं उत्तर देतो आणि त्याच उत्तरात बऱ्याचदा स्वतःचं मॉडेलही सांगून बसतो. आत जायला मिळालं नाही, तरी कुलूप कोणत्या बनावटीचं आहे ते समजलं. काही कॅमेरे तर पासवर्ड न मागताच चित्र देतात, आणि शोडन त्या चित्राचीही प्रत ठेवतं.

‘एवढ्या मोठ्या इंटरनेटवर मला कोण शोधणार?’ हा प्रश्न मला दर वेळी ऐकायला मिळतो. इंटरनेट वाटतं तेवढं मोठं नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचा प्रोग्राम आणला. एका साध्या कॉम्प्युटरवरून, गिगाबिट जोडणी असेल तर, एखादा पोर्ट या सगळ्या पत्त्यांवर तपासायला त्याला पाऊण तासही लागत नव्हता. तेव्हा तुम्हाला मुद्दाम कोणी शोधत नाही हे खरंच, पण सगळी दारं वाजवत जाणारा तुमचंही वाजवतोच.

पायरी १: घरात काय काय आहे ते लिहून काढा

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ती उघडा आणि कॅमेरे, डीव्हीआर किंवा एनव्हीआर (म्हणजे रेकॉर्डर), दारावरची व्हिडिओ बेल, बाळाच्या खोलीतला मॉनिटर, कॅमेरा म्हणून वापरात घेतलेला जुना मोबाइल, असं सगळं कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे त्याचा घरातला पत्ता लिहा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. एखादं उपकरण ओळखूच आलं नाही, तर त्याचा वायफाय किंवा वायर बंद करून घरात काय थांबतं ते बघा. ओबडधोबड पद्धत आहे, पण चालते.

पायरी २: राउटरमधली भोकं शोधा

मी चुकलो ते इथे. घाबरून आधी पासवर्ड बदलत बसलो आणि दार तसंच सताड उघडं. आधी दार बघा.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राउटर उघडा (आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका, देवनागरी आकडे चालायचे नाहीत). दोन्ही पत्ते चालले नाहीत तर राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर बघा. आत गेल्यावर चार जागा तपासायच्या आहेत.

पहिली, पोर्ट फॉरवर्डिंग. काही राउटरमध्ये हिलाच ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात, काहींत ती ‘नॅट’च्या खाली असते. बाहेरून अमुक पोर्टवर कोणी आलं तर त्याला घरातल्या तमुक उपकरणाकडे पाठव, असे नियम तिथे असतात. कॅमेरा बसवणाऱ्याने हाताने भरलेले नियम इथे सापडतील. ८०, ८०८०, ५५४, ८०००, ३७७७७ असे आकडे दिसले तर कान टवकारा. ८० आणि ८०८० वेबपानासाठी, ५५४ थेट चित्राच्या प्रवाहासाठी; ८००० हा हिकव्हिजन आणि ३७७७७ हा दाहुआ या कॅमेरा कंपनीच्या उपकरणांचा नेहमीचा पोर्ट.

दुसरी जागा यूपीएनपी, आणि हा खरा छुपा रुस्तम. यूपीएनपी चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण राउटरला सांगून स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकतं. तुम्हाला कोणी विचारत नाही, कुठे घंटी वाजत नाही. माझ्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं पान कोरं होतं. ते बघून मी निश्चिंत होऊन चहा करायला उठणार, तेवढ्यात यूपीएनपीचा तक्ता दिसला. त्यात तीन ओळी. बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतला पत्ता, आणि तो पत्ता माझ्या कागदावर रेकॉर्डरपुढे लिहिलेलाच. रेकॉर्डरने आपला आपणच उद्योग केला होता.

तिसरी डीएमझेड. इथे एखाद्या उपकरणाचा पत्ता भरलेला असेल तर त्या उपकरणाची सगळीच दारं बाहेर उघडी आहेत. चौथी, राउटरचं स्वतःचं ‘रिमोट मॅनेजमेंट’. कॅमेऱ्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण राउटरच कोणाच्या हाती गेला तर पुढचं सगळं व्यर्थ. ते बंदच असू द्या.

काहीही पुसण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर घरातलं भलतंच काही बंद पडलं तर मागे जाता येतं.

पायरी ३: बाहेर उभं राहून घराकडे बघा

मोबाइलचा वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटा चालू करा. हे महत्त्वाचं. घरच्या वायफायवरून केलेली तपासणी फसवी असते, कारण तुम्ही आतूनच दार ढकलत असता.

घरचा सार्वजनिक आयपी पत्ता घरच्या वायफायवर असताना आधीच लिहून ठेवा. ‘माझा आयपी काय’ असं इंग्रजीत गूगलला विचारलं की कळतो. मग राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो पत्ता दिसतो तो याच्याशी ताडून बघा. दोन्ही एकच असतील तर तुमचा राउटर थेट इंटरनेटवर आहे. वेगळे असतील, आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं आहे. अशा ठिकाणी आयपीव्ही४वरून तुमच्यापर्यंत पोहोचणं अवघड असतं. यावर विसंबून मात्र राहू नका. कंपनी उद्या पद्धत बदलेल, आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तेव्हा मधे उभा असतो तो फक्त राउटरचा फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी सोय), म्हणून आयपीव्ही६चा फायरवॉल चालू आहे ना, हे त्याच बैठकीत बघून घ्या.

आता मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये सार्वजनिक पत्ता, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि मागच्या पायरीत सापडलेला पोर्ट टाका. लॉगिनचं पान आलं तर तुमचा कॅमेरा जगाला दिसतोय. ५५४ हा पोर्ट मात्र असा तपासू नका. ब्राउझर तो उघडतच नाहीत. त्यासाठी व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये नेटवर्क स्ट्रीमच्या जागी आरटीएसपीचा, म्हणजे थेट चित्राच्या प्रवाहाचा, पत्ता द्यावा लागतो. पासवर्ड न विचारता चित्र आलं, तर पुढची पायरी उद्यावर ढकलू नका.

शेवटी शोडनवर जाऊन फक्त स्वतःचा आयपी पत्ता शोधा. सेन्सिस हेही याच कामाचं दुसरं सर्च इंजिन. ते मिशिगन विद्यापीठातूनच २०१५ मध्ये पुढे आलं. नोंद सापडली तर तारीख बघा. घरचा आयपी पत्ता बदलत असेल तर ती नोंद तुमच्या आधी तो पत्ता ज्याच्याकडे होता त्याची असू शकते.

तिथे गेल्यावर दुसऱ्यांचे कॅमेरे बघायचा मोह होतो, कबूल. बघू नका. एखाद्याच्या लॉगिनवर नुसता ‘ॲडमिन’ टाकून बघणं हाही अनेक देशांत गुन्हा ठरतो, आणि पलीकडे कोणाचं तरी अंगण, कोणाचं तरी मूल असतं.

पायरी ४: दार लावा

पोर्ट फॉरवर्डिंगमधले कॅमेऱ्याचे नियम पुसा. यूपीएनपी राउटरमध्ये बंद करा, आणि मग कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या नेटवर्क सेटिंगमध्येही बंद करा, दोन्हीकडे करायचं. डीएमझेड रिकामं करा. राउटर बंद करून पुन्हा चालू करा आणि पायरी ३ पुन्हा करा. पान उघडत नसेल, नुसतं गोल गोल फिरत राहत असेल, तर जमलं.

पोर्टचा आकडा बदलून ८० च्या जागी ४८०८० वगैरे ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. मला तो पटत नाही. उंबरठ्याशी चावी ठेवण्याऐवजी कुंडीखाली ठेवल्यासारखं आहे. सगळे पोर्ट तपासणारे तिथेही पोहोचतात, आणि आपण मात्र सुरक्षित झाल्याच्या समजुतीत राहतो.

आता घराबाहेरून कॅमेरा बघायचा कसा? रस्ते दोन. राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हरची सोय असेल (वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन हे शब्द शोधा) तर ती चालू करा. मोबाइल आधी व्हीपीएनने घरात शिरतो आणि मग आतून कॅमेरा बघतो. बाहेरच्यांना कॅमेऱ्याचं दार दिसतच नाही. मी हेच वापरतो. एकदा बसवायला कटकट आहे, नंतर एक बटण.

दुसरा रस्ता म्हणजे कंपनीचं क्लाउड ॲप. यात कॅमेरा स्वतःहून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे घराला भोक पाडावं लागत नाही. नवख्या माणसाने उघडा पोर्ट ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, फक्त खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. पण इथे चावी कंपनीकडेही असते हे विसरू नका. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या कंपनीच्या ॲडमिन खात्यातून घुसून काहीजणांनी सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत मजल मारली होती. त्यात दवाखाने होते, तुरुंग होते, शाळा होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना स्वतःच्या ॲपमध्ये दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांची छोटी चित्रं दिसली. म्हणून झोपण्याच्या आणि कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा नको, या मताचा मी आहे, मग कंपनी कुठलीही असो.

पायरी ५: आता पासवर्ड

ऑगस्ट २०१६ मध्ये मिराय नावाचा घातक प्रोग्राम पसरू लागला. त्याच्याकडे हुशारी फारशी नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस. त्या एकेक करून लावत त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच फौजेने, वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताच नाही. त्यांचे कॅमेरे नेहमीसारखे चालू होते. गंमत म्हणजे मिराय नुसत्या मेमरीत राहायचा, त्यामुळे उपकरण बंद करून चालू केलं की निघून जायचा. आणि पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत हजर.

पुढे काही देशांनी कायदेच केले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे. पण तुमच्या भिंतीवरचा जुना कॅमेरा त्या आधीचा असेल.

पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी चालेल. कॅमेऱ्याचा, ॲपचा आणि राउटरचा वेगवेगळा. एवढं सगळे सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की उपकरणात एकापेक्षा जास्त खाती असतात. सेटिंगमध्ये ‘यूझर’ची यादी उघडा. ‘ॲडमिन’चा पासवर्ड बदलला, पण खाली ‘गेस्ट’ किंवा ‘डिफॉल्ट’ नावाचं खातं तसंच बसलेलं, असं होतं. ऑनव्हिफसाठी (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी जोडायची पद्धत) काही कॅमेऱ्यांत वेगळं खातं असतं, तेही बघा. आणि आरटीएसपीच्या जागी ‘ऑथेंटिकेशन’ नावाची वेगळीच सेटिंग असू शकते. ती ‘नन’वर असेल तर वेबपानाला पासवर्ड आहे आणि चित्राला नाही, असा अजब कारभार चालू असतो. टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी, असुरक्षित सोय) दिसलं तर बंद करा.

पायरी ६: फर्मवेअर

फर्मवेअर म्हणजे कॅमेरा चालवणारा त्याच्या आतला प्रोग्राम, आणि त्यातही चुका निघतात. दार लावल्याशिवाय पासवर्डवर विसंबू नका असं मी म्हणतोय ते यामुळे. २०१२ च्या जानेवारीत ट्रेंडनेटच्या कॅमेऱ्यांमधली चूक उघड झाली. मालकांनी पासवर्ड लावला होता, तरी पत्ता माहीत असला की चित्र दिसत होतं, आणि सुमारे ७०० कॅमेऱ्यांचे थेट दुवे इंटरनेटवर फिरले. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत पासवर्डशिवाय थेट आज्ञा चालवता येईल अशी चूक सापडली. कंपनीने दुरुस्ती काढली. पण ती तुमच्या कॅमेऱ्यात आपोआप येईलच असं नाही.

कॅमेऱ्याच्या ‘सिस्टिम’ किंवा ‘मेंटेनन्स’ पानावर आवृत्ती आणि तारीख असते. कंपनीच्या अधिकृत साइटवर तुमचं नेमकं मॉडेल शोधून ताजी आवृत्ती घ्या. मॉडेलचं एक अक्षर चुकलं तर कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो, म्हणून स्टिकर बघूनच. कंपनीने त्या मॉडेलला दुरुस्त्या देणं थांबवलं असेल तर तो कॅमेरा इंटरनेटपासून तोडा. राउटरमधल्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये त्या उपकरणाचं इंटरनेट बंद करता येतं. रेकॉर्डिंग घरातल्या घरात चालूच राहतं.

पायरी ७: वेगळं नेटवर्क

राउटरमध्ये गेस्ट वायफाय असेल तर कॅमेरे त्यावर टाका. कॅमेरा उद्या कोणाच्या ताब्यात गेलाच तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत हात पोहोचत नाही. रेकॉर्डर असेल तर तोही कॅमेऱ्यांबरोबर त्याच नेटवर्कवर हवा, नाहीतर त्यांची ताटातूट होते. गेस्ट नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना दिसूच नयेत अशी सेटिंग चालू असेल तर रेकॉर्डरला कॅमेरे सापडणार नाहीत. अशा वेळी ही पायरी सोडून दिली तरी चालेल, आधीच्या सोडू नका.

दार आधीच उघडं सापडलं तर

रेकॉर्डरमध्ये ‘लॉग’ नावाचं पान असतं. कोणत्या पत्त्यावरून कधी लॉगिन झालं ते तिथे दिसतं. अनोळखी पत्ते दिसले तर आधी त्यांचे फोटो काढा, मग राउटरची वायर काढून उपकरण कारखान्यातल्या मूळ स्थितीत न्या, फर्मवेअर ताजं करा, नवा पासवर्ड लावा, आणि तेव्हाच पुन्हा जोडा. जुना पासवर्ड ईमेलला किंवा आणखी कुठे वापरला असेल तर तोही बदला.

शोडनवरची नोंद लगेच जात नाही. माझी नोंद दार लावल्यानंतरही काही आठवडे दिसत होती, फक्त तारीख तिथेच थांबलेली. महिन्याभराने पुन्हा बघा, आणि राउटर बदलला की हमखास बघा, कारण नव्या राउटरमध्ये यूपीएनपी बहुधा चालूच येतं. कॅमेरा दुरुस्त करायला कोणी आलं की तो गेल्यावरही. मागच्या वेळी आलेल्या मुलाला मी आधीच म्हटलं, ‘पोर्ट उघडू नकोस रे.’ तो हसून म्हणाला, ‘काका, मग मोबाइलवर दिसणार कसं?’ मी व्हीपीएनचं बटण दाबून दाखवलं. जाताना त्याने त्या सेटिंगच्या पानाचा फोटो काढून नेला.